शातो, गढी आणि चिलापी : बारामती-इंदापूरच्या ग्रामीण पर्यटनाचा मागोवा

नीरा डावा कालवा 1885 मध्ये वाहता झाला आणि बारामती-इंदापूरच्या शिवाराचे दोन तुकडे पडले: कालव्याखालचे बागायत आणि वरचे जिरायत. बागायतीत ऊस आला, मागोमाग वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव इथे साखर कारखाने उभे राहिले. द्राक्षाचे तसे नव्हते. वेलीला उसाइतके पाणी लागत नाही आणि पाण्याचा निचरा होणारी हलके, मुरमाड रान तिला मानवते. ठिबक आल्यावर तर विहिरीच्या आणि शेततळ्याच्या पाण्यावरही बागा धरता आल्या. इंदापूर तालुक्यातले बोरी हे गाव काळ्या जंबो द्राक्षांसाठी नावाजले ते याच वाटेने.

खाण्याच्या द्राक्षापासून वाइनपर्यंतची पहिली उडी बरीच जुनी आहे. बारामतीलगतच्या पिंपळी इथे बारामती ग्रेप इंडस्ट्रीज हा कारखाना उभा राहिला आणि ‘बोस्का’ या इटालियन नावाची वाइन बाजारात आली. तेव्हा देशात वाइन पिणारा वर्गच मूठभर होता, त्यामुळे बाटली निघाली तरी तिच्यामागे गिऱ्हाइकांची रांग लागली नाही. पुणे जिल्ह्यात या धंद्याला नाव मिळवून दिले ते नारायणगावच्या शातो इंडाजने. फ्रेंच तंत्राने तिथे तयार झालेली फसफसती वाइन 1980 च्या दशकात परदेशातही गेली.

राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, अबकारी करात सवलत दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क आखले. बारामतीच्या वाट्याला पार्क आला नाही. त्याऐवजी आला एक बडा उद्योगसमूह. विजय मल्ल्या यांच्या युनायटेड स्पिरिट्सने 2006 च्या सुमारास ‘फोर सीझन्स’ वाइनचा घाट घातला आणि पाटस-बारामती रस्त्यावरच्या रोटी गावी मळा व वायनरी उभारली. रोटी महसुली हिशेबाने दौंड तालुक्यात मोडते, पण पत्ता सांगताना बारामतीचेच नाव घेतले जाते. याच समूहाने 2006 मध्ये फ्रान्सच्या लवार खोऱ्यातली सोम्यूर गावची बूव्हे-लादुबे ही 1851 सालची वाइन पेढीही विकत घेतली होती. लवार म्हणजे शांबोरसारख्या शातोंचा, म्हणजे राजवाड्यांचा, मुलूख. 2000 मध्ये त्याच्या मोठ्या भागाची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. सोम्यूरच्या परिसरात वाडे बांधायला मऊ पांढरा दगड खाणींतून काढला गेला आणि रिकाम्या झालेल्या त्याच खाणींची पुढे वाइनची तळघरे झाली. तिथे वाडा आणि वाइन एकाच दगडातून निघाले आहेत. रोटीला असा दगडही नव्हता आणि इतिहासही. तिथे फ्रेंच शातोच्या धर्तीची इमारत नव्याने बांधावी लागली. माळरानावर ती थोडी नाटकी दिसते, हे कबूल करायला हवे. पण पर्यटक गाडी थांबवतात ते तिलाच पाहून.

वेलीला मात्र फ्रान्सचे वेळापत्रक इथे पाळता येत नाही. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते आणि सप्टेंबरच्या आसपास तोडणी होते. दख्खनच्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. रोटीला शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों, सोव्हिन्यों ब्लांक यांच्याबरोबर शेनँ ब्लांकही लावली गेली. ही शेवटची जात मूळची लवारचीच. निर्यातीच्या बागेत घडाची विरळणी करून, संजीवकात बुडवून मणी फुगवतात. वाइनच्या बागेत नेमके उलटे: मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा हवा, कारण रंग सालीतून आणि तुरटपणा साल व बियांतून उतरतो. गोडी ब्रिक्समध्ये मोजतात आणि ती 22-24 च्या घरात गेली की तोडणीचा दिवस ठरतो. ऊन चढायच्या आत घड क्रेटमध्ये पडलेले बरे, कारण तापलेला मणी टाकीत जायच्या आधीच आंबू लागतो. देठ काढलेली द्राक्षे पोलादी टाक्यांत थंडाव्यात आंबवतात. निवडक लाल वाइन ओकच्या पिंपांत मुरते.

वाइनबरोबर चीज हवे, हा फ्रेंच रिवाज बारामतीत सहज पाळता आला असता. बारामती एमआयडीसीत डायनॅमिक्स डेअरीने 1990 च्या दशकात दुधाचा मोठा कारखाना काढला आणि तिथले चीज देशभर गेले. पुढे त्यात श्रायबर ही अमेरिकी कंपनी आली. 2011 मध्ये इटलीच्या फेरेरोचा चॉकलेटचा कारखानाही सुरू झाला. पण हे सगळे कारखान्याच्या फाटकाआडचे. खेड्यावर बनणारे, गावाच्या नावाने ओळखले जाणारे चीज इथे नाही.

पर्यटकाच्या ताटात येते ते वेगळेच. उजनी धरण 1980 मध्ये पुरे झाले, भीमाकाठची गावे उठली आणि जलाशयात मासेमारी वाढली. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे भिगवण माशांच्या थाळीसाठी ओळखले जाऊ लागले. चिलापी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त, मरळ आणि वाम खवय्यांची. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, तेव्हा सकाळी नावेतून पक्षी आणि दुपारी भाकरीबरोबर मासे असा बेत ठरलेला. जिरायती बाजूला त्याच दिवसांत हुरडा: आगटीत भाजलेली ज्वारीची कणसे, हातावर चोळून काढलेले दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ.

या खाण्याला व्यवसायाचे रूप आले ते 2005 मध्ये. पांडुरंग तावरे यांच्या कृषी पर्यटन विकास संस्थेने बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला पहिले केंद्र सुरू केले. फ्रान्समध्ये शेतघरात पाहुणे ठेवण्याची संघटित पद्धत 1955 पासूनची. इथे ती पन्नास वर्षांनी आली आणि राज्याचे कृषी पर्यटन धोरण तर 2020 मध्ये. बैलगाडी, गोठा, शिवारफेरी, पिठलं-भाकरी हा कृषी पर्यटनाचा साचा. वाइन त्यात बसली नाही. कुटुंबे, शाळांच्या सहली आणि माळकरी घरे हा या केंद्रांचा गिऱ्हाईक वर्ग. शिवाय रोटी घाटातूनच तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरकडे जाते, हेही विसरून चालत नाही.

खऱ्या वाड्या-गढ्यांकडे लक्ष गेले ते सगळ्यात शेवटी. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हे भोसल्यांच्या जहागिरीतले परगणे. इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे पडले, तिथे त्यांच्या नावाची गढी आहे. सुपे 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी संभाजी मोहित्यांकडून घेतले. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. 1740 मध्ये पेशवेपदासाठी बाळाजी बाजीरावाशी स्पर्धा केलेले हे सावकार, आणि कवी मोरोपंतांचे आश्रयदाते. नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपूरचे देऊळ विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी 18 व्या शतकात बांधले. त्यांच्या जहागिरीच्या विंचूरलाच पुढे वाइन पार्क व्हावा, हा योगायोग मजेशीर. पळसदेवचे जुने देऊळ उजनीत बुडालेले असते आणि पाणी फार उतरले तरच मोकळे होते. बाबूजी नाईकांच्या वाड्याची डागडुजी झाली, पण गढी आणि बाकीची ठिकाणे अजून पर्यटकाच्या नेहमीच्या फेरीत नाहीत.

युनायटेड स्पिरिट्सची सूत्रे डियाजिओकडे गेल्यावर 2015 मध्ये बूव्हे-लादुबे पुन्हा फ्रेंच मालकांच्या हाती गेली आणि 2018 च्या सुमारास फोर सीझन्स ग्रोव्हर झाम्पाकडे आली. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकायला मान्यता दिली. विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही. तेव्हा या भागातली वाइन अजूनही परवान्याच्या दुकानात किंवा वायनरीवरच मिळते, आणि भिगवणच्या थाळीबरोबर ताक येते.