महालनोबिसांचं अंतर आणि ‘आर’ची फोल्डरं

कोलकात्यात १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था उभारणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेलं ‘अंतर’ आज ‘आर’ या संगणकभाषेत त्यांच्याच नावाच्या फंक्शनमधून मिळतं. ते ‘स्टॅट्स’ या पॅकेजात असतं.

पॅकेजाची मांडणी ठरलेली असते. ‘आर’ फोल्डरात त्याच भाषेतला कोड, ‘एसआरसी’मध्ये सी किंवा फोर्ट्रानमधला, आधी कंपाइल करावा लागणारा. ‘डिस्क्रिप्शन’ फाइलीत आवृत्ती, लेखक, परवाना. सर्वांत मोलाची फाइल ‘नेमस्पेस’: बाहेरच्यांना कोणती फंक्शनं खुली हे ती ठरवते, म्हणून आतला कोड निर्धास्त बदलता येतो.

‘मॅन’ फोल्डरातल्या मदतपानांकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. महालनोबिसांचं फंक्शन अंतर नव्हे, अंतराचा वर्ग देतं. हे तिथंच स्पष्ट लिहिलेलं आहे.