एमएसडीएसमधला तो आकडा कुठून येतो?

आंबिवली स्टेशनवरून मोहन्याकडे निघालं की एनआरसीचा परिसर लागतो. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा हा कारखाना २००९ साली बंद पडला. त्याआधी इथे रेयॉनचा धागा निघायचा. व्हिस्कोस रेयॉनची रीत जगभर एकच आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची आणि तयार झालेला घट्ट द्राव बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडायचा.

अशा कुठल्याही रसायनाबरोबर सुरक्षिततेची माहिती देणारा कागद येतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्याला एमएसडीएस म्हणतात. त्याच्या अकराव्या विभागात साधारण अशी ओळ असते : ‘एलडी-५०, तोंडावाटे, उंदीर’ आणि पुढे एक आकडा, मिलिग्रॅम प्रति किलो. एका वेळी पोटात गेलेल्या किती मात्रेने निम्मे प्राणी मरतील, हे तो सांगतो. ‘प्रति किलो’ म्हणजे प्राण्याच्या वजनाच्या दर किलोमागे. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोणही आपल्याकडे यावरूनच ठरतो. १ ते ५० ला लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा आणि त्यापुढे हिरवा.

जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ साली ही कल्पना मांडली. डिजिटॅलिससारख्या औषधांची ताकद दर घाण्याला बदलायची आणि ती मोजायला भरवशाचं माप हवं होतं. पुढे तेच माप सरसकट प्रत्येक रसायनाला लावलं गेलं. एकेका चाचणीत चाळीस-पन्नास किंवा त्याहूनही जास्त प्राणी जात. आकडा दशांशापर्यंत काढण्याच्या हट्टापायी गेलेले हे जीव वाया गेले, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण ड्रमवर कोणतं धोक्याचं चिन्ह लावायचं, एवढं ठरवायला तितकी अचूकता लागतच नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती जुनी पद्धत, क्रमांक ४०१, २००२ साली रद्द केली. तिच्या जागी कमी प्राण्यांत भागणाऱ्या तीन पद्धती आल्या. त्यांपैकी ४२३ क्रमांकाची कशी चालते ते पाहू.

सुरुवात कागदावर होते. या रसायनाबद्दल, त्याच्या जवळच्या रसायनांबद्दल आधीच काय माहीत आहे? काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ते काय करतं? कॉस्टिक सोड्यासारखं जाळणारं रसायन असेल, तर ते वेदना होतील इतक्या मात्रेत पाजण्याची गरज नाही, असं नियमच सांगतो. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची केंद्रीय समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते आणि प्रयोगशाळेच्या नीती समितीच्या मंजुरीवाचून एकाही उंदराला हात लावता येत नाही.

मग निरोगी, तरुण, पिल्लं न झालेल्या तीन माद्या घेतात. जिथे नर-मादीत फरक दिसतो, तिथे बहुधा मादी किंचित जास्त संवेदनशील असते, म्हणून माद्या. निदान पाच दिवस त्यांना पिंजऱ्याची सवय होऊ देतात. खोलीचं तापमान २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार. आदल्या रात्री खाणं काढून घेतात, पाणी मात्र ठेवतात. पोट भरलेलं असेल तर रसायन रक्तात उतरण्याचा वेग बदलतो आणि निकाल फसवा येतो.

सकाळी वजन करायचं. आधीची काहीच माहिती नसेल तर किलोमागे ३०० मिलिग्रॅमपासून सुरुवात. २०० ग्रॅमच्या उंदराला ६० मिलिग्रॅम. ते शक्यतो पाण्यात, नाहीतर मक्याच्या तेलात मिसळून नळीने थेट जठरात सोडतात. उंदराला उलटी करता येत नाही, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. माणूस जे ओकून टाकेल, ते त्याच्या पोटातच राहतं.

पहिल्या अर्ध्या तासात, मग पहिले चार तास बारकाईने आणि पुढे रोज, असे चौदा दिवस निरीक्षण चालतं. अंग थरथरतंय का, लाळ गळतेय का, श्वास कसा आहे, केस पिंजारलेत का, झटके येताहेत का, प्राणी सुस्त पडलाय का. तीव्र वेदनेत असलेल्या प्राण्याला मरेपर्यंत ताटकळत न ठेवता वेदनारहित मरण देतात आणि त्याची गणना मृतांत करतात. शेवटी सगळ्यांचं शवविच्छेदन होतं.

तिघींपैकी दोन किंवा तिन्ही मेल्या, तर पुढच्या तिघींना ५० ची मात्रा. एक मेली किंवा एकही नाही, तर आणखी तिघींना पुन्हा ३००. त्याही तगल्या, तर २०००. मात्रा ठरलेल्या चारच : ५, ५०, ३०० आणि २०००. सहसा दोन ते चार फेऱ्यांत रसायन कोणत्या वर्गात बसतं ते कळतं. एकच नेमका आकडा निघत नाही, पट्टा निघतो. तो पुरेसा आहे.

आता मोहन्याच्या ओळखीच्या कार्बन डायसल्फाइडकडे या. जुन्या नोंदींत त्याचा उंदरांसाठीचा तोंडावाटेचा एलडी-५० तीन हजारांच्या आसपास आहे, आणि मिठाचाही तितकाच! यावरून ते मिठाइतकं निरुपद्रवी ठरतं का? मुळीच नाही. पॅरिसच्या रबर कामगारांना त्याच्या वाफेने होणारे मेंदूचे आणि नसांचे विकार ऑग्युस्त देलपेश या डॉक्टरने १८५६ मध्येच नोंदवले होते. १९६८ साली ब्रिटनमधल्या व्हिस्कोस रेयॉन कामगारांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त असल्याचं प्रसिद्ध झालं. हे विष गिळण्यातून आलं नाही, वर्षानुवर्षं श्वासातून आलं. तोंडावाटेची चाचणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते : एकदाच गिळलं तर काय? खात्यात रोज आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचा प्रश्न तो नसतोच.

म्हणून अकरावा विभाग पहिल्या आकड्यावर सोडू नका. त्याच विभागात श्वासावाटे, त्वचेवाटे आणि वारंवार संपर्काने होणारे परिणाम लिहिलेले असतात, आणि हवेत किती प्रमाण चालतं ते आठव्या विभागात. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, कामाच्या ठिकाणच्या आरोग्याबद्दलची माहिती मिळवण्याचा कामगाराचा हक्क कारखाने कायद्यात आला. तुमच्या घरातलं कोणी रसायनांच्या कंपनीत जात असेल, तर हे दोन्ही विभाग मागवून घ्या आणि घरी बसून एकत्र वाचा.