ताजी फळे, कीड आणि धुरी

आपल्या व्यापारी घराण्यांतील काही तरुण धान्याच्या जोडीला ताज्या फळांच्या निर्यातीकडे वळू लागले आहेत, ही संतोषाची गोष्ट आहे. त्यांपैकी एकाने मला विचारले, "काका, वखारीत थप्पीवर ताडपत्री घालून गोळ्यांची धुरी देववतो, तसेच आंब्याच्या पेट्यांचे करता येईल ना?" हा प्रश्न अनेकांच्या मनात असावा, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे.

धान्याचा दाणा वाळलेला असतो. फळ मात्र तोडल्यावरही श्वासोच्छ्वास करते व पिकत राहते. वखारीतील गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि थप्पी सुमारे ७ दिवस झाकून ठेवावी लागते. दाण्याला हे सोसते. पिकू लागलेले फळ इतके दिवस कोंडून ठेवता येत नाही. शिवाय गोळीतून अमोनियाही निघतो व त्याने फळाची साल करपते. सबब वखारीतील गोळी फळांच्या कामाची नव्हे.

फळांसाठी मुख्यत्वे मेथिल ब्रोमाइड हा वायू वापरण्यात आला. हवाबंद खोलीत पेट्या मोकळ्या रचून वायू सोडतात. तो हवेहून जड असल्याने तळाशी बसू नये म्हणून पंखे चालवितात. नंतर खोली पूर्ण मोकळी करतात. चिलीहून अमेरिकेत जाणाऱ्या द्राक्षांसाठी वापरलेल्या कोष्टकात २१ अंश सेल्सियसच्या वर घनमीटरला सुमारे ३२ ग्रॅम वायू व २ तास असे प्रमाण आढळते. फळ थंड असेल तर मात्रा वाढवावी लागते. कारण थंडीत किड्याचा श्वास मंदावतो व वायू त्याच्या अंगात कमी जातो. मात्रा कमी पडली तर कीड वाचते, अधिक झाली तर फळ डागाळते. या वायूला वास जवळजवळ नसतो व तो माणसालाही घातक आहे; म्हणून हे काम सरकारी देखरेखीखाली प्रशिक्षित माणसांनीच करावयाचे असते.

या वायूचा आणखी एक दोष आहे. तो वातावरणातील ओझोनच्या थराला अपाय करतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात त्याचा समावेश १९९२ मध्ये झाला. प्रगत देशांनी २००५ पर्यंत व विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर बंद करावयाचा ठरले. परदेशी किडीच्या प्रतिबंधासाठी मात्र सवलत राहिली. तथापि आयातदार देश दुसरे उपाय मागू लागले. जपानने २००६ मध्ये आपल्या आंब्याला दार उघडले ते उष्ण बाष्पाच्या प्रक्रियेच्या अटीवर, आणि अमेरिकेने २००७ मध्ये किरणोत्साराच्या अटीवर. लासलगाव येथील केंद्रात ही प्रक्रिया झाली. किरणांनी किडा तत्काळ मरेलच असे नाही. पण त्याची वंशवृद्धी थांबते.

इतका खटाटोप कशासाठी? फळमाशी सालीखाली अंडी घालते. पेटी भरताना फळ निर्दोष दिसते आणि परक्या बंदरात आत अळी निघते. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबविली, ती अशाच किडींमुळे. ती २०१५ च्या प्रारंभी उठली. दोष काही मालात होता, पण दार सर्वांसाठी बंद झाले. ज्यांचा माल चोख होता त्यांचाही हंगाम गेला.

अहिंसा हे ज्यांचे व्रत, त्यांना हा विषय सुखाचा नाही. वखारीत धुरी देववताना माझेही मन चरकते. गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वथा टळत नाही असे आपले शास्त्र सांगते. पण ती उणी करणे त्याच्या हाती आहे. फळ कोवळे असतानाच झाडावर त्याला कागदी पिशवी बांधली, तर माशीला अंडी घालण्यास जागाच राहत नाही. कोकणातील बागाईतदार हा उपाय करू लागले आहेत. अशा बागांचा माल चार पैसे अधिक देऊन घ्यावा. आयातदार देशाने सांगितलेली प्रक्रिया मात्र त्यामुळे चुकत नाही. ती पूर्ण करावीच.

धुरी ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. नव्या व्यापारात उतरणाऱ्या आपल्या मुलांनी एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.