दिव्याखाली जुळले, उन्हात बिघडले!

समजा, एखाद्या चित्रकर्तीने रंगीबेरंगी एप्रन व पिशव्या शिवून विकण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला. निळ्या पिशवीला निळेच बंद हवेत, म्हणून दुकानातील दिव्याखाली तिने दोन्ही कापडे नीट जुळवून घेतली. पिशव्या शिवून झाल्या आणि उन्हात नेताच बंद जांभळट दिसू लागले! तुटपुंज्या भांडवलाला हा फटका मोठाच.

यात रंगाऱ्याला बोल लावू नका. कापडाचा रंग म्हणजे त्याने परत पाठविलेला प्रकाश. सूर्यप्रकाशात ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे सर्व रंग सलग असतात. पांढऱ्या एलईडीत बहुधा ४५० च्या आसपास निळ्याचे शिखर व त्यापुढे खळगा असतो. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. त्यामुळे दोन निरनिराळी रंगद्रव्ये एका दिव्याखाली डोळ्याला सारखाच संदेश देऊ शकतात. दिवा बदलला की जुळणी मोडते. यालाच ‘मेटामेरिझम’ म्हणतात.

चित्रकार उत्तरेकडची खिडकी पसंत करतात ते उगाच नव्हे! तुम्हीही शिंप्याकडून काळ्या कापडांच्या चार चिंध्या आणा आणि आधी दिव्याखाली, मग उन्हात शेजारी शेजारी ठेवून पाहा.