निमुळत्या तोंडाची इंजिने आणि त्यांच्या प्रतिकृती

आई भवानीच्या दर्शनासाठी दूरदूरच्या मुलखांतून येणारा भाविक पिढ्यान्‌पिढ्या सोलापूर स्टेशनावर उतरत आला आणि तेथून पंचेचाळीस किलोमीटरांची सडक धरून, बालाघाटाचा चढ चढून तुळजापुरास पोचत आला. सोलापुरास १८६० सालीच रेल्वे आली; परंतु तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते आणि इंग्रजी मुलखातून मद्रासकडे निघालेला लोहमार्ग या डोंगरकडेला न वळता सरळ पुढे गेला. उत्तरेच्या बाजूने १८९७ साली निघालेली बार्शी लाइट रेल्वे येडशीवरून १९११ मध्ये लातुरास पोचली, तीही गावापासून दूरच राहिली. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या मार्गाचे काम आता चालू आहे; मात्र त्यावरून धावेल ती गाडी विजेची असेल, आणि ज्या इंजिनांविषयी येथे लिहावयाचे आहे ती तुळजापूरच्या फलाटास कधीही लागणार नाहीत. ज्याला ती डोळे भरून पाहावयाची आहेत त्याने, माझ्या मते, प्रतिकृतींच्या छंदाकडे वळावे. कारण या विशिष्ट घराण्याच्या बाबतीत प्रतिकृती ही मूळ वस्तूपेक्षा दीर्घायुषी ठरली आहे.

सन १९३० नंतरच्या दशकात मोटार आणि विमान यांनी रेल्वेचे उतारू पळविण्यास आरंभ केला, तेव्हा युरोप-अमेरिकेतील कंपन्यांनी आपल्या जलद गाड्यांची इंजिने गुळगुळीत पोलादी आवरणाखाली झाकली, धुराडे आणि घुमट त्या आवरणात बुडविले व तोंड निमुळते केले. त्यामागे शास्त्र होते, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. परंतु हा लाभ मोठ्या वेगालाच पदरात पडतो, आणि बहुतेक ठिकाणी नव्या युगाचे दर्शन घडविणे हाच प्रधान हेतू होता, हे मान्य केले पाहिजे. जर्मनीच्या ०५ ००२ या इंजिनाने मे १९३६ मध्ये ताशी २०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. पुढे ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडात नायजेल ग्रेस्ली यांच्या 'ए-फोर' वर्गातील 'मॅलार्ड' या इंजिनाने ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर, हा उच्चांक स्थापन केला. वाफेच्या इंजिनाकडून तो आजतागायत मोडला गेलेला नाही. याच वर्गातील एका इंजिनाला १९३७ साली 'एम्पायर ऑफ इंडिया' असे नाव देण्यात आले होते; ते पुढे मोडीत गेले. अमेरिकेत हेन्री ड्रेफस यांनी न्यूयॉर्क सेंट्रल कंपनीच्या 'हडसन' इंजिनांना १९३८ साली दिलेले रूप मला या सर्वांत सुंदर वाटते: गोल कपाळावरून उभी निघालेली एक धारदार पट्टी आणि आवरणाखाली मुद्दाम उघडी ठेवलेली चाके, जेणेकरून गतीचे यंत्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांआड होऊ नये.

या रूपाला आयुष्य मात्र अल्प लाभले. आवरणाखालचा सांधा तपासावयाचा तर आधी पत्रा उघडावा लागे. युद्धकाळात माणसे अपुरी पडू लागली तशी कारखान्यांनी ही आवरणे उतरविण्यास प्रारंभ केला, 'ए-फोर'च्या चाकांवरील झालरी काढल्या गेल्या, हडसनची वस्त्रे युद्ध संपता-संपता उतरली, आणि डिझेल आल्यावर ती इंजिनेच भट्टीत गेली. ड्रेफसच्या त्या दहा इंजिनांपैकी आज एकही शिल्लक नाही. ३५ 'ए-फोर'पैकी सहा वाचली, त्यांत यॉर्कच्या संग्रहालयातील 'मॅलार्ड' आहे. उरलेल्यांचा पुरावा म्हणजे छायाचित्रे, आराखडे आणि संग्राहकांच्या कपाटांतील वीतभर लांबीची इंजिने.

१९३८ साली 'हॉर्नबी डब्लो' ही छोटी रेल्वे बाजारात आली, तेव्हा तिच्या पहिल्या इंजिनांत खुद्द ग्रेस्ली यांचे नाव धारण करणारे 'ए-फोर' होते. म्हणजे मूळ इंजिन रुळांवर नवे असतानाच त्याची प्रतिकृती मुलांच्या हाती पडली. जाणता संग्राहक अशी प्रतिकृती हाती घेतली की प्रथम चाकांवरची झालर पाहतो, मग धुराडे एकेरी आहे की दुहेरी ते पाहतो, मग रंग: युद्धापूर्वीचा निळा, युद्धकाळातील काळा की नंतरचा हिरवा. निळ्या रंगाच्या, युद्धापूर्वीच्या क्रमांकाच्या इंजिनाला झालर नसेल तर तो तपशील कालविसंगत ठरतो. जुन्या ओतीव इंजिनांना एक व्याधीही जडते. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला असेल तर काही वर्षांनी सांगाडा फुगतो, भेगाळतो आणि शेवटी हातात चुरा येतो. म्हणून खरेदीपूर्वी इंजिन उलटे करून तळाची पट्टी सरळ आहे ना, हे नीट पाहून घ्यावे. वरचा रंग कितीही तजेलदार असला तरी त्यावर विसंबू नये. दमट हवा ही व्याधी वाढविते, आणि त्या बाबतीत मराठवाड्याचे कोरडे हवामान कोकणापेक्षा संग्राहकाला अनुकूल आहे.

आपल्याकडे या छंदाचे सर्वांत मोठे आश्रयस्थान पुण्यात, कोथरूडला आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमविलेल्या आणि रचलेल्या लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. सिग्नल, पूल, रस्ते यांसह एक अख्खे नगर तेथे मांडलेले आहे आणि गाड्या त्यातून प्रत्यक्ष धावतात. तुळजापूरच्या एखाद्या शाळेने पुण्याची सहल काढली तर हे स्थळ तिच्या यादीत असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

परंतु मराठी संग्राहकाचे खरे कर्तव्य मला निराळेच वाटते. भारताच्या लोहमार्गांवर १९४७ पासून धावलेले 'डब्ल्यूपी' हे इंजिन याच घराण्याचे: पुढे बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते नाक, त्याच्या मध्यभागी दिवा, दिव्याभोवती रंगविलेला तारा, आणि कडेने जाणारी पत्र्याची झालर. अशी ७५५ इंजिने बांधली गेली. पहिली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आली. नंतरच्या काळातील चित्तरंजनला घडली. त्यांचा रोजचा वेग पाहता त्या नाकाने वारा कापल्याचा लाभ थोडाच झाला असेल. परंतु स्वतंत्र भारताच्या मेलगाडीला जो मुखवटा लाभला तो हाच, आणि त्याची चांगली प्रतिकृती बाजारात दुर्मीळ आहे. ती स्वतः घडवावी लागते, आणि तेथे गणित आडवे येते. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणात रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण ते विलायती १,४३५ मिलिमीटरांच्या मार्गावर बेतलेले आहे. आपला रुंद मार्ग १,६७६ मिलिमीटरांचा, म्हणजे या प्रमाणात १९.३ मिलिमीटर भरतो. तयार रुळांवर डब्ल्यूपी बसविली तर तिचे पाय आखडलेले दिसतात. पुष्कळ जण ही तडजोड स्वीकारतात. मी ती स्वीकारू नये असेच म्हणेन, कारण त्या इंजिनाची ऐट त्याच्या रुंद पायांवरच उभी आहे. ते अंतर राखून पट्ट्या व रूळ स्वहस्ते ठोकणे कष्टाचे खरे, परंतु अशक्य नाही.

ज्याला हा खटाटोप प्रारंभीच पेलणार नाही त्याने बार्शी लाइटपासून सुरुवात करावी. तिचा मार्ग ७६२ मिलिमीटरांचा होता; १:८७ प्रमाणात तो पावणेनऊ मिलिमीटर होतो, आणि सर्वत्र मिळणारे नऊ मिलिमीटरांचे छोटे रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत लागू पडतात. हात बसला की डब्ल्यूपीकडे वळावे. आणि मापे घेण्यासाठी पुस्तकांवर न विसंबता हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये जतन केलेल्या ७१६१ क्रमांकाच्या 'अकबर' इंजिनापुढे परवानगी काढून फीत घेऊन उभे राहावे, आणि नाकाचा उतार, झालरीची खोली व ताऱ्याची टोके यांची नोंद वहीत करून आणावी.