अंगणांत उतरविलेलें इंजिन

संस्कृत शिकवितांना आम्ही मुलांना नेहमीं सांगत असूं कीं, श्लोकाचा पदच्छेद पुष्कळांना साधतो. खरी परीक्षा अन्वयाची. शब्द सुटे करणें सोपें. ते ज्याच्या त्याच्या जागीं लावून अर्थ उभा करणें कठीण. मोटारीच्या इंजिनासही हाच नियम लागू पडतो, हें ज्ञान मात्र आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, व तेंही पुतण्याकडून, झालें. ज्या घरांतील तरुण मुलें हातीं पाना घेऊं पाहतात व वडील माणसें ‘हें आपलें काम नव्हे’ म्हणून त्यांस अडवितात, अशा घरांस ही हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें सादर करीत आहों.

गाडी आमच्या धाकट्या बंधूंची. फियाट पॅलिओ १.६. मागील दार वर उघडणारी लहान कौटुंबिक गाडी घ्यावयाची व तींत जोरदार इंजिन बसवावयाचें, अशा गाड्यांस ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. १९७६ सालीं विक्रीस आलेल्या जर्मनीच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयनें हा प्रकार युरोपांत लोकप्रिय केला. तिचें इंजिन १५८८ घन सेंटिमीटरचें व शक्ति ११० अश्वबळाची होती. पॅलिओ आपल्याकडे २००१ सालीं आली. तिचें सोळा व्हॉल्व्हचें इंजिन सुमारें शंभर अश्वबळ देई. त्या काळच्या येथील लहान गाड्यांत तें पुष्कळच म्हणावयाचें. बंधूंचें तेवढ्यानेंही समाधान झालें नाहीं. त्यांनीं मोकळा सायलेन्सर बसविला, हवेचें फिल्टर बदललें, आखूड स्प्रिंगा घालून गाडी खालीं आणली. ते गल्लीच्या तोंडाशीं आले कीं घरांत ताटें मांडलीं जात, इतका तो आवाज ओळखीचा झाला होता.

बंधू वारल्यास आतां तीन वर्षें होतील. गाडी पडवींत उभी राहिली. सुरू केली कीं निळा धूर सोडी. थोरल्या दादांनीं भंगारवाल्यास बोलाविण्याचें ठरविलें, तेव्हां बंधूंचा मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, “अण्णा, मला दसऱ्यापर्यंत मुदत मिळवून द्या. इंजिन मी घरींच उतरवतों.” दादांपुढें शब्द टाकणें आम्हांसही सोपें नव्हतें, पण टाकला. दादा म्हणाले, “दसऱ्यानंतर एक दिवस थांबणार नाहीं.”

प्रथम रोगाची परीक्षा झाली. चारही सिलिंडरांतील दाब मापून पाहतां तिसऱ्यांतील दाब इतरांहून बराच कमी भरला. मग पुतण्यानें त्यांत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मापलें, तों दाब चढला. याचा अर्थ असा कीं, पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत; ऑइलानें ती फट तात्पुरती भरून निघते. दाब चढला नसता तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड-गॅस्केटचा ठरला असता. निदान करण्यापूर्वीं शस्त्र उचलूं नये, हा वैद्यांचा नियम मिस्त्रीही पाळतात तर!

पुतण्याचा बेत पडवीच्या तुळईला साखळी बांधून इंजिन उचलण्याचा होता. दादांनीं आयुष्यभर सरकारी बांधकामें पाहिलेलीं. त्यांनीं तुळईवर नजर टाकली व एवढेंच म्हणाले, “ती कौलें पेलते, तेवढें पुरे.” दुसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतःच चाकांची इंजिन-क्रेन भाड्यानें आणविली व सर्वांस बजावलें कीं, टांगलेल्या इंजिनाखालीं कोणीं हातसुद्धां घालावयाचा नाहीं. शंभर किलोंहून अधिक वजन अधांतरीं लोंबत असतां पाहून त्या आज्ञेचें मर्म आम्हांस कळलें.

उतरविण्याच्या कामीं क्रम असा होता: प्रथम बॅटरीची ऋण तार सोडली, इंधनाचा दाब उतरविला, कूलंट व ऑइल डब्यांत काढून घेतलें. (जुनें ऑइल गटारांत ओतूं नये, तें पाणी नासवितें.) नंतर तारांच्या प्रत्येक जोडास चिठ्ठी बांधली, गिअरबॉक्स सुटा केला, आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं इंजिन अंगणांत आलें. टिपणवही आमच्याकडे होती. कोणता बोल्ट कोठला, किती लांबीचा, हें आम्ही लिहीत असूं.

उघडल्यावर कामाची खरी खोली दिसली. सिलिंडर हॉनिंगसाठीं कारखान्यांत धाडले. नव्या रिंगांच्या टोकांमधील फट पात्यांच्या मापकानें तपासली. व्हॉल्व्ह पेस्ट लावून त्यांच्या बैठकींत घासून बसविले व त्यांचीं सीलें बदललीं. क्रँकच्या बेअरिंगांवरील टोप्या दिसण्यांत सारख्याच. पण प्रत्येक टोपी आपल्याच जागीं, त्याच दिशेनें बसली पाहिजे, कारण त्यांचें भोंक ब्लॉकसह एकत्र कातलेलें असतें. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्यानें, मापाच्या पान्यानें आवळावयाचे. नाहींतर हेड वांकतें. बावीस वर्षांचा तो उतावळा मुलगा एकेका बोल्टापाशीं थांबूं लागलेला पाहून आम्हांस मनांतून फार आनंद झाला.

आणि मग चूक झाली, ती आमची.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक होतो. टाइमिंग बेल्ट हा मेळ राखतो. तो चुकला तर अशा इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून व्हॉल्व्ह वांकतात. पट्टा काढतांना क्रँकपाशीं दोन पांढऱ्या खुणा होत्या. एक कोणा जुन्या मिस्त्रीची, दुसरी पुतण्याची. ‘डावीकडील खरी’ असें आम्हीं वहींत लिहिलें. परंतु आम्ही त्या वेळीं गाडीसमोर तोंड करून उभे होतों. गाडीचें डावें-उजवें चालकाच्या बैठकीवरून मोजावयाचें असतें, व पुतण्यानें तें तसेंच वाचलें. नवमीच्या रात्रीं पट्टा चढविला. आम्हीं म्हटलें, “आतां किल्ली फिरव.” तो म्हणाला, “नाहीं अण्णा, आधीं हातानें दोन फेरे.” पाना लावून त्यानें क्रँक हळूहळू फिरविला, आणि तो मध्येंच अडला. त्यानें जोर केला नाहीं. दिवा आणून पाहिलें, तों पट्टा दोन-तीन दांत चुकलेला. किल्ली फिरविली असती तर दोन महिन्यांची मेहनत एका क्षणांत गेली असती. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासणाऱ्या आमच्या वहींत त्या रात्रीं एका मुलानें तांबडी रेघ मारली, व ती योग्यच होती.

राहिला प्रश्न बंधूंनीं केलेल्या फेरफारांचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करूं देत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ सांगितला. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं गाडी तपासणीस न्यावी लागते. पुतण्यानें माळ्यावरून मूळ सायलेन्सर व स्प्रिंगा काढल्या. त्याच्या हाताला तें काम सर्वांत जड गेलें, हें आम्हीं पाहिलें.

दसऱ्यास हत्यारांची पूजा झाल्यावर, ठिणगी तोडून, ऑइलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसतें फिरविलें. मग किल्ली दिली. धूर नाहीं, मऊ, एकसारखा आवाज. भावजय दारांत येऊन उभ्या राहिल्या. “हा त्यांचा आवाज नव्हे,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानें, “बरें झालें. पाळण्यांतलें पोर जागें होणार नाहीं.”

दादा कांहीं बोलले नाहींत. ते पुढच्या बैठकीवर जाऊन बसले व म्हणाले, “चल, सोनें द्यायला नदीपलीकडच्या आत्याकडे जाऊन येऊं. सावकाश ने; नव्या रिंगा बसायच्या आहेत.”

ती वही आम्हीं जपून ठेवली आहे. तांबड्या रेघेखालीं आम्हीं एकच ओळ लिहिली: डावें कीं उजवें हें लिहिण्यापूर्वीं, आपण कोठें उभे आहों तें लिहावें.