विषाणूच्या जनुकांची मुस्कटदाबी

चिकुनगुन्याची साथ १९७३ मध्ये बार्शीत आली होती. त्यानंतर तीन दशके हा रोग विस्मृतीत गेला आणि २००६ मध्ये मराठवाड्यासह राज्यभर पुन्हा उसळला. ताप काही दिवसांत उतरतो, पण सांधे कित्येक महिने धरलेले राहतात. हातावर पोट असलेल्या शेतमजुराचा त्यात हंगाम बुडतो. या विषाणूवर थेट मारा करणारे औषध आजही उपलब्ध नाही.

योगायोग असा की, २००६ मध्येच अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना 'आरएनए हस्तक्षेपा'च्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. चिकुनगुन्या व डेंग्यूच्या विषाणूंची जनुके आरएनएचीच बनलेली असतात. त्यांतील एखाद्या भागाशी तंतोतंत जुळणारा, सुमारे २१ अक्षरांचा आरएनएचा तुकडा पेशीत सोडला, तर पेशीतील यंत्रणा त्याच्या आधारे विषाणूचा आरएनए हुडकून कापते. विषाणूची प्रथिने तयार होत नाहीत आणि त्याची वाढ खुंटते. खुद्द डासाचे शरीरही याच मार्गाने विषाणूंना आटोक्यात ठेवते.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी हा प्रयोग चिकुनगुन्यावर केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार, संसर्गानंतर ७२ तासांनी असे तुकडे दिलेल्या उंदरांमध्ये विषाणूंची वाढ रोखली गेली.

मग औषध अडले कुठे? आरएनएचे तुकडे रक्तात झपाट्याने नष्ट होतात, म्हणून त्यांना आवरण लागते. या तत्त्वावरील पहिल्या औषधाला, पॅटिसिरानला, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते यकृतात पोहोचते. चिकुनगुन्याचा मुक्काम मात्र सांध्यांत व स्नायूंत असतो. शिवाय विषाणू आपली जनुकीय अक्षरे बदलून निसटू शकतो.

वेळेचा प्रश्न तर आणखी बिकट आहे. विषाणू रक्तात जेमतेम आठवडाभर असतो. परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावातील रुग्णाने ताप अंगावर काढला, मग तपासणी करून घेतली, तर तोवर औषधाची संधी हुकलेली असेल. म्हणजे औषधासोबत गावातच झटपट निदानाची सोय हवी. तोपर्यंत पाण्याचे रांजण आणि हौद झाकून ठेवणे, आठवड्यातून एकदा ते रिकामे करून घासून कोरडे करणे, याला पर्याय नाही.